ओळंबा इथे, सावली तिथे: विज्ञानाचा प्रयोग समोरासमोर कधी करावा, ऑनलाइन कधी

लंबकाच्या वीस झोक्यांना किती वेळ लागतो, एवढंच मोजायचं होतं. एक मीटर दोरा, खाली लोखंडी नट, वर खिडकीचा गज. आठ गटांपैकी सात गटांचं उत्तर ४० सेकंदांच्या आसपास आलं. एका गटाचं ३८.१. त्यांनी पुन्हा मोजलं तर ३८.२, तिसऱ्यांदा ३८.०. "बाई, चुकलं असतं तर दर वेळी वेगळं चुकलं असतं ना?" असा त्यांचा सवाल, आणि तो बिनतोडच होता. मी काही न बोलता त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. एकानं नट सोडला, दुसऱ्यानं स्टॉपवॉच दाबलं आणि मोजणारी मुलगी म्हणाली, "एक!"

तिथंच सापडलं. नट सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं. 'एक' म्हटलं की विसाव्या आकड्याला झोके एकोणीसच झालेले असतात. त्या आकड्यावरून गुरुत्व त्वरण काढलं तर ९.८ च्या जागी १०.९ येतं.

शाळा बंद होत्या त्या काळात हाच प्रयोग मुलांनी घरी केला होता. तेव्हाही एका मुलाचं उत्तर ३८ आलं होतं. त्यानं फोटो पाठवला, दोरा दिसत होता, गाठ दिसत होती. मी त्याला दोऱ्याची लांबी चार वेळा मोजायला लावली. वर गाठीपासून मोज, खाली नटाच्या मध्यापर्यंत मोज, दोरा ताणून मोज. बिचाऱ्यानं सगळं केलं. त्याचं 'एक' फोटोत ऐकू येणार कुठून? शेवटी "घड्याळ बिघडलं असेल" म्हणून आम्ही दोघांनी विषय सोडून दिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

यावरून ऑनलाइन म्हणजे फालतू असं मीही बरेच दिवस म्हणत होते. मग सावंतवाडीच्या एका शाळेशी आमच्या नाशिकच्या शाळेची जोडी जमली, पृथ्वीचा परीघ मोजायचा ठरला, आणि माझं मत बदललं. उलटं झालं नाही, वेगळं झालं. ते काय झालं आणि तुम्हाला असा उपक्रम करायचा असेल तर कोणत्या क्रमानं करावा, ते पुढे लिहिते आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांना हे सहज जमतं. सामान पन्नास-शंभर रुपयांचं. वेळ मात्र तीन आठवडे धरा.

पहिलं काम: अंतर कामाचं आहे का ते ठरवा

प्रयोग निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा. दोन गट एकमेकांपासून लांब असण्यानं या प्रयोगाला काही मिळतं का? उत्तर 'नाही' असेल तर तो प्रयोग एका खोलीत, एका टेबलाभोवती करा. विद्युत परिपथ, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा, आम्ल-आम्लारी दर्शक, भिंगाचं नाभीय अंतर, हे सगळे एका खोलीतले प्रयोग. परिपथात बल्ब लागत नसेल तर शेजारच्या मुलाचा हात आपोआप सैल वायरीकडे जातो. ते बोट व्हिडिओ कॉलवर जात नाही. आम्ल आणि ज्योत असलेलं काही घरी करायला सांगूच नका, त्यावर चर्चाही नको.

उत्तर 'हो' असेल अशा प्रयोगांची यादी छोटी आहे, पण झकास आहे. दोन गावांतली दुपारची सावली. दोन गावांतलं पाणी उकळण्याचं तापमान, एक गाव समुद्रकाठचं आणि एक घाटमाथ्यावरचं असेल तर (हा शिक्षकानंच करून दाखवायचा). पहिल्या पावसाची तारीख आणि मोजमाप. आंब्याला मोहोर कधी आला याची नोंद. यांत दुसरं गाव नसेल तर प्रयोगच होत नाही.

संगणकावरची अनुकरणं ही तिसरीच गोष्ट. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या मोफत संग्रहात लंबकही आहे. चंद्रावर तोच लंबक किती सावकाश झुलेल हे तिथे दोन मिनिटांत दिसतं आणि ते दाखवायलाच हवं. पण त्या लंबकाचा दोरा कधी सैल होत नाही, आणि तिथे कुणी 'एक' म्हणून चुकत नाही. म्हणून मी ते नेहमी खऱ्या दोऱ्यानंतर दाखवते.

दुसरं काम: आधी एका खोलीत हात बसू द्या

लांबच्या शाळेशी जोडी जमवण्याआधी निदान दोन तासिका लंबकावर घालवा. पृथ्वीच्या परिघाशी लंबकाचा काही संबंध नाही. पण गटात काम कसं करायचं, आकडा कसा लिहायचा आणि चूक कशी शोधायची याची तालीम लंबकाइतकी स्वस्त कशातच होत नाही.

गट चौघांचा. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं चार-चारच्या टोळ्यांनी प्रयोग करत, आणि त्या आकड्याला माझ्या अनुभवानं तरी तोड नाही. पाचवं मूल झालं की ते खिडकीबाहेर बघतं. चौघांची कामं अशी: एक मांडणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा आणि एक शंकेखोर. शंकेखोरानं कशालाही हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि विचारायचं. "नट तू ढकललास का सोडलास?" "दोरा किती लांब खेचलास?" सुरुवातीला सगळ्यांना वाटतं की हे आळशाचं काम. तासाभरात कळतं की सर्वांत अवघड तेच आहे.

कामं दर फेरीला फिरवा. नाही फिरवलीत तर काय होतं ते मी सांगते: मुलगे मांडतात आणि मुली लिहितात, 'अक्षर चांगलं आहे' म्हणून. वर्ष संपतं आणि त्या मुलींनी स्क्रू ड्रायव्हर हातात धरलेला नसतो. समोरासमोरच्या कामाचा हा मोठा दोष आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. आवाज मोठा त्याचं टेबल.

दुसरा दोष कानाचा. एका गटानं "चाळीस!" असं ओरडून सांगितलं की पुढच्या सगळ्या गटांचं उत्तर चाळीसकडे सरकतं. मुलं खोटं बोलत नाहीत, बटण दाबणारं बोटच थोडं थांबतं. म्हणून नियम: आकडा आधी वहीत, वही पालथी, सर्वांचं झालं की एकदम उघडायच्या. मग आठही गटांचे आकडे एका तक्त्यात घाला. फळ्यावर चालेल, शाळेत संगणक असेल तर स्प्रेडशीटमध्ये. ४०.१, ४०.३, ३९.८, ३८.१… अशी रांग डोळ्यासमोर आली की ३८.१ आपोआप खुपतो. लॉकडाऊनमध्ये नेमकं हेच मी केलं नव्हतं. प्रत्येकाचा आकडा मी वेगळा तपासत बसले. सगळे आकडे शेजारीशेजारी ठेवले असते तर ३८ हे ४० चे एकोणीस-विसांश आहेत, ही शंका निदान आली तरी असती.

तिसरं काम: कृती लिहा आणि तोंडाला कुलूप लावा

ही पायरी वगळू नका. मी पहिल्या वर्षी वगळली होती.

प्रत्येक गटानं आपल्या लंबकाच्या प्रयोगाची कृती एका कागदावर लिहायची. तो कागद शेजारच्या गटाला द्यायचा. शेजारच्यांनी फक्त कागद वाचून प्रयोग करायचा. काही विचारायचं नाही. लिहिणाऱ्या गटानं समोर उभं राहून बघायचं, पण बोलायचं नाही, हातवारे नाहीत, भुवया उंचवायच्या नाहीत.

फार मजा येते. "दोरा बांधा" असं लिहिलेलं असतं, किती लांब ते नाही. "वीस झोके मोजा" असतं, पण झोका म्हणजे तिकडे जाणं की जाऊन परत येणं, ते नाही. कागद लिहिणारी मुलं दात-ओठ खात उभी असतात. पंधरा मिनिटांनंतर तोच कागद त्यांच्या हाती दिला की दहा ओळींच्या वीस होतात.

ऑनलाइन कामाची सगळी तयारी या पंधरा मिनिटांत होते. लांबच्या जोडीदाराला तुमचे हात दिसत नाहीत, तुमचा कागदच दिसतो. ज्या वर्गाला हे एका खोलीत जमलं नाही त्याला ४५० किलोमीटरवरून जमण्याची आशा धरू नये.

चौथं काम: जोडीदार गाव

आता सावली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसनं ज्या रीतीनं पृथ्वी मोजली ती तुम्हाला ठाऊक असेलच: सायनी, म्हणजे आजचं इजिप्तमधलं आस्वान, इथे उन्हाळ्यातल्या एका दुपारी सावली पडत नाही, त्याच वेळी अलेक्झांड्रियात वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंशांचा कोन होतो. दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास म्हणजे पृथ्वीचा परीघ.

त्यासाठी शक्यतो एकमेकांच्या थेट उत्तर-दक्षिणेला असलेली गावं हवीत. नाशिकचं रेखांश सुमारे ७३.८ अंश पूर्व, सावंतवाडीचंही ७३.८. नकाशावर पट्टी उभी ठेवली की दोन्ही गावं तिच्या कडेवर येतात. (आस्वान आणि अलेक्झांड्रियात तीन अंशांचा फरक आहे, त्या मानानं आपण नशीबवान.) जळगाव आणि सोलापूर हीसुद्धा बरी जोडी. परदेशातल्या एखाद्या मराठी शाळेला हौस असेल तर चांगलंच आहे, पण तिथलं अंतर तिरकं भरतं आणि त्यातून उत्तर-दक्षिण भाग वेगळा काढणं शाळकरी मुलांना जड जातं. पहिल्या खेपेला नको.

अंतर एस.टी.च्या तिकिटावरचं घ्यायचं नाही, रस्ता घाटातून वळसे घेतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीनं मोजा आणि नकाशाच्या प्रमाणानं गुणा. नाशिक ते सावंतवाडी साधारण ४५० किलोमीटर भरतं. फोनमधल्या नकाशावरून अंतर काढलंत तर एखादं चाणाक्ष मूल म्हणेल की त्या नकाशात पृथ्वीचा आकार आधीच घातलेला आहे, मग आपण मोजतोय काय? त्याला शाबासकी द्या. खरं तर भिंतीवरच्या नकाशालाही तीच शंका लागू आहे.

दिवस २२ डिसेंबरच्या आगेमागे चार-पाच दिवसांतला ठेवा. सायनीसारखा शून्य सावलीचा दिवस सावंतवाडीला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तेव्हा सुट्टी लागलेली असते. दुसऱ्यांदा येतो तो ऐन पावसाळ्यात. डिसेंबरात आकाश स्वच्छ, सावली लांब, आणि मुख्य म्हणजे त्या दिवसांत सूर्याची दक्षिणेची जागा जवळजवळ हलत नाही. एका गावात सोमवारी ढग आले आणि मोजणी बुधवारी झाली तरी बिघडत नाही. हेच मार्चमध्ये केलंत तर दिवसाला ०.४ अंशाचा फरक पडतो आणि आपल्याला दोन गावांच्या कोनांतला फरक मोजायचा आहे, तो सगळा मिळून चार अंशांचाच. डिसेंबरची एकच अडचण: मैदानात स्नेहसंमेलनाचा मांडव पडलेला असतो. मुख्याध्यापकांशी आधी बोलून उन्हाचा एक कोपरा राखून ठेवा.

पाचवं काम: सावली संपते कुठे?

आम्ही एक मीटरची काठी रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून उभी केली. सावंतवाडीच्या मुलांनीही तसंच केलं. सरावाच्या दिवशी दोन्हीकडून फोटो आले आणि वाद सुरू झाला. सावलीच्या टोकाला गडद भाग संपतो तिथे रेघ संपत नाही, पुढे दीड-पावणेदोन सेंटिमीटर धूसर पट्टा असतो. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्याचा हा परिणाम. आमची मुलं गडद टोकाशी खूण करत होती, तिकडची धूसर टोकाशी. तिकडच्या एका मुलानं व्हॉइस नोट पाठवली, "सावली खंय संपता, ताच कळना नाय!" आमच्या वर्गात ती पाच वेळा वाजवली गेली.

ही चर्चा मात्र ऑनलाइनच व्हावी लागते आणि तीतच खरं विज्ञान शिकून होतं. एका वर्गात सगळे एकाच रीतीनं खूण करतात, त्यामुळे प्रश्नच उठत नाही. दोन्ही गावांनी सारखीच रीत ठेवली तर चूक वजाबाकीत बरीचशी निघून जाते. वेगवेगळी ठेवली तर परिघात बारा-तेरा टक्क्यांची चूक घुसते, आणि मोजणारा प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो.

तोडगा असा निघाला: काठीच्या टोकाला पुठ्ठ्याचा चौकोन लावायचा आणि त्याला पेन्सिलनं तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडायचं. जमिनीवर पुठ्ठ्याची सावली पडते आणि तिच्या मधोमध उजेडाचा लांबट ठिपका. त्या ठिपक्याच्या मध्यावर खूण. वाद मिटला. उंची आता काठीची नाही, भोकाची मोजायची, हे लक्षात ठेवा. ती नेमकी १०० सेंटिमीटर केलीत तर पुढचं गणित सोपं जातं.

जमीन सपाट हवी. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम, नाही तर ताटात पाणी घालून बघा. पाणी एका काठाला सांडतं का ते दिसतं.

सहावं काम: दुपार

घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७३.८ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर पस्तीस मिनिटांचा उशीर. २२ डिसेंबरला या दोन्ही गावांत सूर्य माथ्यावरच्या रेषेवर येतो तो १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमाराला. आमच्याकडे ती खिचडीची वेळ. स्वयंपाकाच्या ताईंना सांगून त्या दिवसापुरती खिचडी एक वाजता ठेवली.

१२.२० पासून १२.५० पर्यंत दर दोन मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खडूनं खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. सर्वांत आखूड अंतर तीच दुपार. ठिपक्याकडे बघायचं, सूर्याकडे नाही, भोकातून तर मुळीच नाही. हे मुलांना दोनदा बजावा.

मोजणी चालू असताना व्हिडिओ कॉल लावू नका. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं लावला. दोन्हीकडची मुलं सावली सोडून पडद्याकडे बघून हात हलवत होती, वाऱ्याच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, आणि १२.३० ते १२.३६ या ऐन मोक्याच्या खुणा राहून गेल्या. आता आम्ही फोन पिशवीत ठेवतो. अंगणात हात असतात, आकडे दुसऱ्या दिवशी जातात.

सातवं काम: आकडे पाठवण्याची रीत

तिकडचे आकडे बघण्याआधी आपले आकडे आणि आपला अंदाज लिहून बंद करा. नाशिक उत्तरेला, तर आपली सावली लांब असेल की आखूड? किती? प्रत्येक गटानं अंदाज लिहून सही करायची. मग दोन्हीकडून एकाच वेळी पाठवायचं. शेजारच्या बाकावरचं 'चाळीस!' इथेही टाळायचं आहे.

पाठवायचं ते एवढं: भोकाची उंची, दर दोन मिनिटांची वेळ आणि अंतर, कोणत्या दोन बिंदूंमध्ये मोजलं त्याचं एका वाक्यात वर्णन, आणि दोन फोटो. फोटोत मोजपट्टी दिसायला हवी आणि ठिपक्याचा फोटो थेट वरून काढलेला हवा, तिरका काढला की आकडा सरकतो. मुलांचे चेहरे, नावं, नंबर नकोत. फोन शिक्षकांचा, गट शिक्षकांचा. मुलांचा स्वतंत्र व्हॉट्सॲप गट काढलात तर चार दिवसांत त्यात सावलीशिवाय सगळं असेल.

मी मजकुरापेक्षा व्हॉइस नोट पसंत करते, पण आकडे मात्र लिहूनच. बोललेले 'ब्याऐंशी' आणि 'ब्याण्णव' वाऱ्यात सारखेच ऐकू येतात.

आठवं काम: गणित, आणि ते चुकतं तेव्हा

सगळं नीट झालं तर आकडे साधारण असे येतात. उंची १०० सेंटिमीटर. सावंतवाडीला ८२.० आणि नाशिकला ९४.७ सेंटिमीटर. लांबी भागिले उंची म्हणजे टॅन. ०.८२० चा कोन ३९.३५ अंश, ०.९४७ चा ४३.४४ अंश. वजाबाकी ४.०९. आता ३६० ला ४.०९ नं भागा, ८८ येतात. ८८ गुणिले ४५० म्हणजे ३९,६०० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. काठी आणि पुठ्ठा धरून एक टक्क्याची चूक! कोन दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ठेवा. प्रत्येक कोन एकाच स्थळापर्यंत पूर्णांकित केलात तर वजाबाकी ४.० येऊन उत्तर एकदम हजारभर किलोमीटरनं उडी मारतं. ज्या इयत्तेला टॅन माहीत नाही तिनं भिंतीएवढ्या कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोन मोजावा. वहीतला छोटा कोनमापक इथे पुरत नाही.

आमचं पहिल्या वर्षीचं उत्तर मात्र ३५,७०० च्या घरात आलं. सावंतवाडीचे आकडे ठीक वाटत होते. आमची सावली ९६.२ सेंटिमीटर होती, म्हणजे दीड सेंटिमीटर जास्त. आम्ही सगळे अंगणात जाऊन पुन्हा मोजून आलो. पुन्हा ९६.२. शंकेखोरानंही काठीभोवती फिरून मान डोलावली. चाळीस डोळ्यांसमोर काठी उभी होती आणि ती सरळच दिसत होती.

मग तिकडच्या एका मुलीचा प्रश्न आला. "तुम्ही सावली कुठून मोजता? काठीच्या बुडापासून, की भोकाच्या बरोबर खालून?"

आमच्या वर्गात शांतता. काठीचं बूड आणि भोकाच्या खालचा बिंदू या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं, कारण काठी समोर होती. तिला मात्र काठी दिसत नव्हती, फक्त आमचं वाक्य दिसत होतं: "काठीपासून ठिपक्यापर्यंत मोजले." म्हणून तिनं ते वाक्य धरलं.

भोकातून दोरा सोडून खाली नट बांधला, लंबकाचाच नट, म्हणजे ओळंबाच केला. तो काठीच्या बुडापासून दीड सेंटिमीटर उत्तरेला टेकला. डब्यातली वाळू एका बाजूला खचली होती. आम्ही पाठवलेल्या फोटोत हे दिसलं नव्हतं, कारण फोटो दक्षिणेकडून काढलेला होता आणि काठी कॅमेऱ्यापासून लांब, उत्तरेकडे कलली होती. त्या दिशेचा कल समोरून काढलेल्या फोटोत दिसतच नाही. फोटो पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून हवा.

तेव्हापासून आमची रीत बदलली. काठी सरळ करण्यात आता वेळ घालवत नाही. ओळंबा जिथे टेकतो तिथे खूण करतो, भोकाची उंचीही ओळंब्याच्या रेषेत मोजतो आणि सावली त्या खुणेपासून. मग काठी थोडी वाकडी असली तरी फरक पडत नाही. गवंडी हे रोज करतात, आम्हाला ते सावंतवाडीहून कळलं.

लंबकाच्या वेळी 'एक' ऐकायला मी शेजारी असणं भाग होतं. इथे मात्र शेजारी असलेल्या आम्हा सगळ्यांनाच दिसलं नाही, आणि लांबच्या मुलीनं पकडलं. हाताची चूक जवळच्याला दिसते. गृहीत धरण्याची चूक लांबच्याला. म्हणून चूक शोधताना दोन्ही माणसं लागतात, पण वेगवेगळ्या वेळी: आधी अंगणात पुन्हा मोजा, आकडा हलला नाही तर कृतीचा कागद जोडीदाराकडे पाठवा आणि त्यांना फक्त प्रश्न विचारायला सांगा, उत्तरं नकोत.

शेवटी एकच कॉल

सगळं गणित झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांचा एक व्हिडिओ कॉल ठेवा. तोपर्यंत मुलांकडे बोलायला काहीतरी असतं. प्रत्येक गावानं आपल्या मोजणीतली एक चूक सांगायची, एवढाच कार्यक्रम. भाषणं नकोत, पाहुणे नकोत, स्वागतगीत तर अजिबात नको. लाजाळू मुलांसाठी प्रश्न आधी कागदावर लिहून घ्या. वर्गात वर्षभर न बोललेला आमचा एक मुलगा त्या कॉलवर वाळू कशी खचली ते सात मिनिटं सांगत होता. नेटवर्क गेलं तर वाट बघत बसू नका, उरलेलं व्हॉइस नोटवर पाठवा.

पुढच्या वर्षासाठी तीन गोष्टी कपाटात ठेवा: भोक पाडलेला पुठ्ठा, दोऱ्यासकट नट आणि कृतीचा सुधारलेला कागद. आखूड सावलीची खूण खडूची असते, पुसली जाते. आम्ही तिथे फरशीच्या फटीत एक खिळा ठोकून ठेवला आहे. मधल्या सुट्टीत मुलं येताजाता ठिपका कुठवर आला आहे ते बघतात, आणि ओळंबा न लावता कुणी काठी ठेवली की दुसरं कुणीतरी ओरडतंच, "बुडापासून का भोकाखालून?"